अस्तर चार इंच जास्त

रोझेनफेल्ड, कॅन्सस
९ जानेवारी

ताई,

पत्राच्या आरंभी क्षेमकुशल विचारायची रीत आहे. सहा वर्षं मी विचारलं नाही आणि तू कळवलं नाहीस. आज एकदम विचारलं तर विम्याच्या एजंटासारखं वाटेल. म्हणून थेट कामाचं लिहिते. मला घरी गोधड्या शिवायचं मशीन घ्यायचं आहे आणि खोली आहे अकरा फूट बाय साडेनऊ.

हे वाचून तू पत्र टेबलावर पालथं ठेवलं असशील. ठेव. थोड्या वेळाने पुन्हा उचलशील. कोणी मापं सांगून सल्ला मागितला आणि तू दिला नाहीस, असं आपल्या घराण्याच्या इतिहासात नोंदलेलं नाही.

गेलन वारल्यावर एकटीला शेत झेपेना, म्हणून ते विकून मी गावात पोस्टामागच्या लहान घरात आले, हे तुला कळलं असेलच. आपल्या लोकांच्या बातम्या टपालाच्या आधी ओरेगॉनला पोचतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक मोरी जिच्यात वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. आतली खोली मशीनला देईन म्हणते. दुकानातल्या बाईच्या मते या शास्त्रात दोन संप्रदाय आहेत. पहिल्यात गोधडी दहा फुटी चौकटीवर ताणून बसवतात. ती जागची हलत नाही आणि मशीन रुळांवरून तिच्या अंगावर फिरतं. दुसऱ्यात मशीन टेबलात पक्कं रोवलेलं असतं, आपण खुर्चीत बसायचं आणि गोधडी त्याच्या सुईखाली हातांनी फिरवायची. पहिल्याला जागा लागते, दुसऱ्याला खांदे. माझा कल पहिल्याकडे आहे. खांद्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

मशीनबद्दलचं तुझं मत मला पाठ आहे. मशीनने शिवलेली गोधडी म्हणजे छापील सांत्वनपत्र, असं तू चर्चच्या तळघरात, गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या भर मंडळात म्हणाली होतीस, आणि म्हणताना छापील सांत्वनपत्रं वाटणाऱ्या पाद्रीबाईंकडे पाहिलं होतंस. तरी मला घ्यायचं आहे. कशाला, विचारशील. सोय म्हणून. मंगळवारच्या मंडळात बायका कमी झाल्यात, वेळ माझ्याजवळ पुष्कळ आहे. बस्स, एवढंच.

दहा फुटी चौकट अकरा फुटी भिंतीशी लावू ना? उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मौनव्रत तुला शोभतं.

मार्लिस


४ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे तू विचार करते आहेस असं मी धरून चालले आहे. दरम्यान मी फरशीवर चिकटपट्टीने चौकटीची आखणी केली. दहा फूट लांब, चार फूट रुंद. शेजारचे डेल्बर्ट श्राग पाव परत करायला आले. (मी दिलेला पाव परत करतात. म्हणतात, फार चांगला झालाय, एकट्याने खाववत नाही.) ते दारातच थबकले.

"मार्लिसबाई, खून कुणाचा झाला?"

"मशीनची जागा आहे ती."

ते चाळीस वर्षं धान्यकोठारावर काम करून निवृत्त झालेत. कुठे काय मावतं याबद्दल त्यांना जन्मजात शंका असते. त्यांनी भोवती एक चक्कर मारली, म्हणजे मारायला निघाले आणि अडकले.

"बसते खरी चौकट. आता तुम्ही कुठे बसता?"

"बसायचं नाही, उभं राहायचं. हाताने मनाजोगी नक्षी काढायची तर पुढच्या बाजूला. कागदावरची नक्षी गिरवायची तर मागच्या बाजूला."

"आणि पुढून मागे कशा जाणार?"

ताई, मी भिंत मोजली होती, चौकट मोजली होती, खिडकीची उंचीसुद्धा मोजली होती. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच उरतात. डेल्बर्ट प्रयोग म्हणून आडवे होऊन शिरले. ते गेले, पोट अलीकडे राहिलं.

"खालून जाईन," मी म्हटलं.

"रांगत? दिवसातून किती वेळा?"

"दहाएक."

"मग मशीन राहू द्या, गुडघे नवीन घ्या."

गराजचा विचार केला. जानेवारीत तिथे मशीनचं तेल गोठेल आणि मे महिन्यात वावटळ गराजच उचलून नेईल. पाच फुटी लहान चौकटही मिळते, पण मोठी गोधडी तिच्यावर तीनदा उतरवून तीनदा चढवावी लागते. आणि मला शिवायची आहे ती गोधडी मोठी आहे.

आता हे लिहायलाच हवं. मला शिवायची आहे ती गोधडी तुझ्याकडे आहे. म्हणजे तिचा वरचा थर, आईने तुकडे जोडून केलेला शेवटचा, अस्तर लावून शिवायचा राहिलेला: मधे तांबडा चौकोन, भोवती ओंडक्यांसारख्या पट्ट्या, अशी बेचाळीस घरं. तिच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातून तू ताट ठेवून उठलीस, तिच्या पेटीतून तो थर काढलास आणि गेलीस. त्या दिवशी काय झालं त्यावर मी लिहिणार नाही. फक्त एवढंच, की तो थर सहा वर्षं घडी घालून पडला असेल तर घडीवर कापड विरतं. माझ्याकडे पाठव. मी त्याची गोधडी करीन. मशीन त्यासाठी आहे.

मार्लिस


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. समोर समुद्र, मागे तीन शब्द: "हातांना काय झालं?" सूत्र तुझं; भाष्य मला लिहावं लागणार, कारण सूत्रकार नेहमी असंच करतात.

पहिला मसुदा असा होता: हात उत्तम आहेत, थंडीत जरा आखडतात. तो मी फाडला. चाळीस वर्षं हाताने टाके घातलेली बाई सोयीसाठी मशीन घेत नाही, हे तुला हजार मैलांवरून कळतं, तर खोट्यावर शाई कशाला घालवा.

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. सुई धरता येते, पण ती सांगितलेलं ऐकत नाही. इंचाला दहा टाके पडायचे ते सहावर आले. मी कोणाला बोलले नाही. मंडळात माझी जागा तुला ठाऊक आहे: खिडकीकडचा कोपरा, जिथे उजव्या हाताच्या बायकांना अंग पिळावं लागतं म्हणून डावखुरीला बसवतात. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मंडळाच्या गोधडीवर मी आदल्या आठवड्यात घातलेली माझी टाक्यांची ओळ पाहिली. बारीक, सुबक, इंचाला अकरा. आणि टाके उजवीकडे झुकलेले. माझे टाके जन्मात कधी उजवीकडे झुकलेले नाहीत.

मी त्यावरून बोट फिरवलं. कापडावर पाण्याचा पुसट डाग होता. टाके उसवले की सुईची जुनी भोकं दिसू नयेत म्हणून ओल्या नखाने घासतात, तो डाग. तो कसा पडतो हे मला कोणी समजावून द्यायला नको. आईच्या ओळींवर तो मीच पाडला होता.

तर त्या दिवसाबद्दल लिहिते, नाही लिहिणार म्हटलं होतं तरी. एल्वेराकाकू हातात हॅम आणि दुमजली पावांचं ताट घेऊन तुझ्याजवळ आल्या आणि तुझं सांत्वन करायला म्हणून म्हणाल्या, "जिवाला लावून घेऊ नकोस गं व्हर्ना. तुझ्या आईची शेवटची गोधडी लिलावात पहिल्या रांगेत होती. मार्लिसने तिचे टाके इतक्या सफाईने उसवून परत घातले, देवालासुद्धा ओळखू यायचे नाहीत." त्यांनी ते कौतुक म्हणून सांगितलं. आपल्यात कौतुक वर्षातून एकदा होतं आणि ते असं होतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "मदतनिधीच्या लिलावाची गोधडी होती ती, ताई." तू म्हणालीस, "तिचे शेवटचे टाके होते ते." आणि ताट ठेवलंस.

मंडळाची रीत तुलाही ठाऊक आहे. एखादीचे टाके बिघडले तर तोंडावर बोलायचं नाही; ती घरी गेली की उसवायचे. याला आपण दया म्हणतो. तीन महिने दर मंगळवारी मी आईला गाडीने घरी सोडलं, तिला रजई पांघरली, "जरा दुकानात जाऊन येते" म्हटलं आणि तळघरात परत आले. इंचाला चार टाके घालत होती ती. एक ओळ घालायला आईला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या दहाव्या हिश्शात ती उसवून व्हायची.

आईला हे ठाऊक नव्हतं, या एका गोष्टीवर मी सहा वर्षं टेकून बसले होते. ऑक्टोबरात तो टेकू गेला. मला एक मंगळवार आठवला. आईने आदल्या आठवड्याच्या ओळीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मागच्या वेळी हात बरा चालला होता माझा, नाही गं?"

मी म्हटलं, "हो आई. छान चालला होता."

"मग ठीक," ती म्हणाली आणि दोरा ओवायला सुई माझ्याकडे दिली.

माझ्या ओळीवरून बोट फिरवल्यावर मीही काही बोलले नाही. कॉफी घेतली, छान झालीय म्हटलं, आणि घरी येऊन मशीनच्या दुकानाला फोन लावला. ही माझी सोय.

उसवण्यात माझं चुकलं का, यावर वाद होऊ शकेल. पूर्वपक्ष मांडायला एल्वेराकाकू आहेत. पण आईला ते "हो" म्हणण्यात माझं चुकलं. आणि तुला "लिलावाची गोधडी होती" असं उत्तर देण्यात चुकलं. यावर वाद नाही.

थर पाठवायचा की नाही ते आता तू ठरव. मी पुन्हा मागणार नाही.

मार्लिस


२३ मार्च

ताई,

तुझं पाकीट आलं. तीन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शाईने लिहिलेलं मशीनखेरीज एक अक्षर नाही. मी ती चार वेळा वाचली. पहिल्यांदा दुसरं काही सापडतं का म्हणून, दुसऱ्यांदाही त्याचसाठी. तिसऱ्यांदा लक्षात आलं की जिला माझ्याशी बोलायचं नाही ती बाई मला खुर्चीची उंची टेबलाच्या कडेपासून किती असावी हे आकृती काढून सांगणार नाही.

तुझे आदेश असे समजले: दुसरा संप्रदाय स्वीकारावा. मशीन टेबलात बसवलेलं घ्यावं. सुई आणि मशीनचा खांब यांत निदान सोळा इंच मोकळे असावेत, म्हणजे गुंडाळलेली गोधडी तिथून जाईल. टेबल कोपऱ्यात लावावं, डावीकडे आणि पलीकडे भिंत, म्हणजे कापड घसरून खाली लोंबणार नाही. डावखुरी असलीस तरी गोधडीचा भार डावीकडेच ठेव, आणि याबाबतीत हुशारी करू नकोस. करत नाही.

आणि मग चौथ्या वाचनात, तिसऱ्या पानाच्या मागे, अगदी तळाशी, पुसट पेन्सिलीने: "चौकट तशीही चालणार नाही. अस्तर थराएवढंच कापलेलं आहे."

ताई! तू?

"अस्तर चारही बाजूंनी चार इंच जास्त": हे वाक्य तू माझ्याकडून इतक्या लहानपणी घोकून घेतलंस, की बरीच वर्षं मला ते दहा आज्ञांपैकी एक वाटायचं. चौकटीच्या दांड्यांना अस्तराच्या कडा टाचायच्या असतात. जास्तीचं कापडच नसेल तर टाचायचं काय? अर्ध्या परगण्याच्या बायकांना यावरून तू रडवलंस. वॉल्डीन पेनरने एकदा दोनच इंच सोडले तेव्हा तू तिला विचारलंस, कापड वाचवून स्वर्गात नेणार आहेस का.

कारण तू एका शब्दात दिलंस: "रागात." मी त्यावर भाष्य करणार नाही. त्याखालचं वाक्य मात्र मी कापून पाकिटात ठेवलं आहे: "एकटीने हाताने पुरी करायची म्हणून कापलं, पण पहिला टाका कुठे घालायचा ते सहा वर्षांत ठरलं नाही."

मी दुकानात विचारलं. कापलेल्या अस्तराला उपाय आहे. चारही बाजूंनी पट्ट्या जोडायच्या, तासाभराचं काम, मग खुशाल चौकटीवर चढवा. दुकानातली बाई मोठ्या चौकटीची शेवटची आशा सोडायला तयार नव्हती. मी म्हटलं, नको. टेबलाच्या मशीनला अस्तराचं जास्तीचं कापड लागत नाही. तिन्ही थर जमिनीवर अंथरून टाचण्या लावायच्या आणि जसं आहे तसं सुईखाली घालायचं. सांगितलं तिला, तसंच हवंय.

मशीन येत्या गुरुवारी येतं. एक अडचण मात्र उरते. एवढी मोठी गोधडी एकटीने फिरवली की तिचं वजन ओढतं आणि टाके आखडतात. दुकानातली बाई म्हणते, शेजारी आणखी एक टेबल लावा. लावीन. टेबल कुरकुर करत नाही, चुका काढत नाही, कॉफी पातळ झाली म्हणत नाही. मला त्याचा फार लवकर कंटाळा येईल.

मार्लिस


२९ एप्रिल

ताई,

मशीन बसलं. पहिल्या दिवशी मी जुन्या चादरींच्या तुकड्यांवर सराव केला. पायाने वेग आणि हाताने दिशा, दोघांचं पटायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांची नक्षी पाहून डेल्बर्ट म्हणाले, "हा नदीचा नकाशा आहे का?" आता माझी ओळ सरळ जाते. वळणं अजून विचार करून घेते. अंगठा दुखत नाही, कारण त्याला धरायचं काही नाही. दोन्ही तळहात कापडावर सपाट ठेवायचे, कणीक थापल्यासारखे.

दुसरं सांगायचं म्हणजे, मंगळवारी मी तळघरात गेले, माझ्या जागी बसले आणि बोलले.

"एल्वेराकाकू, माझी ओळ तुम्ही उसवता ना?"

आठ सुया थांबल्या. काकू चौऱ्याऐंशीच्या झाल्या, पण ऐकू हवं तेवढंच येतं.

"कोण म्हणतं?"

"टाके उजवीकडे झुकलेत."

"मग? मला डावीकडे झुकवता येत नाहीत."

कोणीतरी हसलं. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, "तोंडावर का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? ये, बस, आणि तुझं काम भिकार झालंय? अगं, माझे तर तीन वर्षं उसवताहेत. ही केंड्रा उसवते. मला काय कळत नाही होय?"

केंड्रा रेगियर (मंडळात सर्वांत तरुण, चौतीस वर्षांची) बिटासारखी लाल झाली. "काकू, तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझी ओळ बघून मलाच वाटलं, वा, काय हात आहे! तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बोलले असते तर या बायकांनी सुई काढून घेतली असती. मग मंगळवारी मी कुठे जायचं?"

ताई, मला वाटतं आईच्या "मग ठीक"चा अर्थ हाच होता. ते मला माफ करणं नव्हतं, आणि ती फसलीही नव्हती. तिला मंगळवार हवा होता. टाके देऊन तिने तो घेतला. हे असंच असेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तू आईला माझ्यापेक्षा सहा वर्षं जास्त ओळखतेस, तू सांग.

मी त्यांना म्हटलं, यापुढे माझं काम मला दाखवून उसवा, आणि मी सगळ्यांच्या सुया ओवून देईन. काकू म्हणाल्या, "डोळे तुझे शाबूत आहेत. घे." तीस सुया ओवल्या मी. आणि केंड्राने काकूंची ओळ त्यांच्यासमोर उसवायला घेतली. प्रत्येक टाक्याला काकू "हळू, हळू" म्हणत होत्या, जणू केस विंचरून घेताहेत.

आता तुझ्या पत्राचं. थर टपालाने पाठवणार नाहीस, टपालवाले वस्तू हरवतात. विमानात मांडीवर घेऊन येणार, सोळा मेला, विचिटाला दुपारी पावणेदोन. वाचून मी खाली बसले आणि मग पुन्हा उठून बसल्या जागेवरची टाचणी काढली. मी घ्यायला येईन. निळी गाडी, डावा दिवा फुटलेला. झोपायची सोय मशीनच्याच खोलीत केली आहे. चौकट न घेतल्यामुळे पलंग बसला. तुझ्या आदेशांमागे हा हिशेब होता का, हे मी विचारत नाही, कारण तू नाही म्हणशील.

तुझा प्रश्न मी शेवटी ठेवला. तू लिहिलंस: "मी मशीनला कधी हात लावलेला नाही. आईच्या गोधडीवर माझी ओळ वाकडी गेली, तर तू काय करशील?"

तुला सांगेन की वाकडी गेली. तिथल्या तिथे, तोंडावर. तू म्हणशील मशीन वाकडं आहे. मी म्हणेन कालपर्यंत सरळ होतं. तू चिडशील, स्वयंपाकघरात जाशील, माझी कॉफी पातळ आहे म्हणून ओतून देशील आणि नवी करशील. मग आपण दोघी ती ओळ खिडकीपाशी नेऊन बघू, आणि ठेवायची की उसवायची ते ठरवू.

ठरेपर्यंत कात्री तुझ्याजवळ राहील.

तुझी,
मार्लिस